ज्या गावचं पाणी प्यावं

लॅमिंग्टन रोड म्हटलं की मुंबईच्या माणसाला ग्रँट रोडजवळची इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आठवतात. हुबळीतही एक लॅमिंग्टन रोड आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा ज्या चौकात घोड्यावर बसली आहे, त्या चौकाजवळूनच तो जातो. महापालिकेची कचेरी याच रस्त्यावर आहे, लॅमिंग्टनचं नाव लावणारी जुनी शाळाही इथलीच. दोन्ही शहरांतल्या रस्त्यांना ज्याचं नाव मिळालं, तो लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचा गव्हर्नर होता. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या केकला तिथे आजही लॅमिंग्टन म्हणतात. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत म्हातारा लॅमिंग्टनही होता.

हा माणूस परक्या मुलखांत वावरला, पण जिथे गेला तिथे हुकूम देणारा म्हणून गेला. भाषा शिकावी, रीत विचारावी, कुणाच्या दारात थांबून आत येऊ का म्हणावं, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नसावी. त्याच्या नावाच्या रस्त्याला लागून राहणारे आम्ही परगावचे लोक मात्र दुसऱ्या टोकाला उभे आहोत. हुकूम गावाचा आहे आणि तो समजून घ्यायचा आहे आम्हाला. पुण्याहून इथे राहायला आल्यापासून मी या समजून घेण्याचाच विचार करत आलो आहे, आणि परगावी राहण्यातली सगळी श्रीमंती त्यातच आहे असं मला वाटतं.

नव्यानं आलेला माणूस आधी तक्रारी जमवतो. बसची पाटी वाचता येत नाही. सरकारी अर्ज कन्नडमध्ये आहे. काही भागांत नळाला रोज पाणी येत नाही, ते काही दिवसांच्या अंतरानं येतं. पाण्याचा हा विषय इथे साधा नाही. हुबळी-धारवाडला मलप्रभेच्या धरणातून पाणी येतं, नीरसागर तलावाचाही आधार आहे. २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि देशभर त्याचं नाव झालं. उरलेल्या शहरानं मात्र आपला दिनक्रम नळाभोवती बांधून घेतला. पाणी आलं की बातमी घराघरांतून फिरते. आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं. शेजारी बाहेरगावी असेल तर त्याची टाकी भरते आहे की नाही हे आपण पाहायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी शिकवतही नाही. पण न विचारता शेजाऱ्याचा कॉक उघडणारा माणूस त्या दिवसापासून आळीचा होतो.

लिहिलेले नियम पाळायला सोपे असतात. चिगरी बसचंच घ्या. २०२० साली रीतसर उद्घाटन झालेली ही बससेवा हुबळी आणि धारवाड यांना जोडते. रस्त्याच्या मधोमध तिची राखीव मार्गिका आहे, मधोमध थांबे आहेत, तिकीट थांब्यावरच काढायचं आणि मग गाडीत चढायचं. हे एका दिवसात अंगवळणी पडतं. न लिहिलेल्या नियमांना वेळ लागतो. रिक्षावाला असो, भाजीवाली असो की बँकेतला साहेब, बोलताना वाक्याच्या शेवटी आदराचा ‘री’ आलाच पाहिजे. घरी आलेल्याला आधी जेवलात का असं विचारायचं. खानावळीत ज्वारीची पातळ रोट्टी, भरल्या वांग्यांची येण्णगाई आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली की वाढणाऱ्याला घाईनं ‘पुरे’ म्हणायचं नाही, कारण आग्रह हा इथे जेवणाचाच भाग आहे. संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी खायला उभं राहिलं की ओळखीच्या माणसाचे पैसे आपण आधी देऊन टाकायचे. या गोष्टी न पाळणाऱ्याला कुणी दंड करत नाही. तो फक्त पाहुणा राहतो.

पाट्यांचा विषय मराठी माणसाला टोचतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनं दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला देणं बंधनकारक झालं. शाळांमध्ये कन्नड शिकवण्याचा कायदा २०१५ चा आहे, आणि २०१७-१८ पासून तो पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. गावाकडून आलेले नातेवाईक लॅमिंग्टन रोडवरच्या पाट्या पाहून विचारतात, ही सक्ती कशाला? महाराष्ट्रातही असाच कायदा आहे. मराठी पाट्यांसाठी २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आपल्याला तो न्याय वाटला होता. जे आपल्या घरात न्याय्य आहे ते शेजाऱ्याच्या घरात जुलूम कसं होईल?

आणि शेजाऱ्याकडे तर त्याचं जुनं, दुखरं कारण आहे. पेशवाईत या भागाचा कारभार मराठीत चालला, दप्तर मोडीत लिहिलं गेलं. १८१८ नंतर इंग्रज आले, पण कचेरीत आणि शाळेत मराठीचाच वरचष्मा राहिला. धारवाडचं कन्नड मूल आपल्याच गावात परक्या भाषेत धडे गिरवत होतं. वॉल्टर इलियटसारख्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्यानं कन्नड शाळांचा आग्रह धरला, पुढे ‘डेप्युटी’ चन्नबसप्पांनी त्या कामाला आयुष्य दिलं. १८९० मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला तो याच जाणिवेतून. म्हणजे एके काळी इथे लॅमिंग्टनच्या जागी आपण होतो. रस्त्याला आपलं नाव नसेल लागलं, पण नियम आपले होते आणि समजून घेण्याचं ओझं त्यांच्यावर होतं. इथल्या पाटीवरची गोल, भरदार कन्नड अक्षरं मी या आठवणीसकट वाचतो, आणि मला ती उद्धट वाटत नाहीत. बराच काळ दाराबाहेर थांबवलेला घरधनी आता आपल्या ओसरीवर बसला आहे, एवढंच मला दिसतं.

त्या घरधन्यांनी मनात आकस ठेवला नाही हेही सांगायला हवं. कर्नाटकाच्या एकीकरणासाठी झिजलेले आलूर व्यंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि टिळकांच्या गीतारहस्याचा त्यांनी कन्नड अनुवाद केला. आपल्या भाषेसाठी लढणारा माणूस शेजाऱ्याच्या भाषेतलं मोलाचं पुस्तक हौसेनं घरी घेऊन येतो, हे मला फार मोठं वाटतं.

बेळगावच्या मराठी माणसाला मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नये. तो परगावी आलेला नाही. तो आपल्या जागी होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं. त्याच्या प्रश्नावर महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्या दुःखाला स्वतःचा इतिहास आहे. नोकरीधंद्यासाठी आपल्या पायांनी हुबळीला आलेल्या आमच्यासारख्यांनी त्याचा राग उसना घेऊन चन्नम्मा सर्कलच्या राज्योत्सवाकडे पाठ फिरवणं बरोबर नाही. दर १ नोव्हेंबरच्या त्या दिवशी चौकात लाल-पिवळे झेंडे असतात, मुलं कुवेंपूंचं नाडगीत म्हणतात. तिथे उभं राहताना माझं मराठीपण तसूभरही कमी होत नाही.

याची साक्ष शेजारच्या धारवाडात दोन माणसांनी देऊन ठेवली आहे. पहिले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. १८९६ मध्ये धारवाडला जन्म, घरात मराठी. फर्ग्युसनमध्ये शिकले, सोलापुरात बरीच वर्षं प्राध्यापक होते. पण कविता लिहायला बसले की अंबिकातनयदत्त होऊन त्यांनी धारवाडची बोली कन्नड अशी काही जागवली की सारं कर्नाटक त्यांना आपला वरकवी मानू लागलं. ‘नाकु तंति’साठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला. मराठीतही ते लिहीत राहिले. दुसरे जी. ए. कुलकर्णी. बेळगावातून धारवाडला आले, जेएसएस महाविद्यालयात कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि ‘निळासावळा’पासून ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’पर्यंत मराठी कथेचं अख्खं आकाश कन्नड गावात बसून रचलं. सभा-संमेलनांपासून दूर, आपल्या एकांतात.

एकानं गावाची भाषा इतकी आपली केली की तो तिचा मोठा कवी झाला. दुसऱ्यानं गावाचा शांतपणा घेतला आणि आपल्या भाषेत लिहीत राहिला. धारवाडनं दोघांनाही जागा दिली. जीएंना कुणी विचारलं नाही की तुम्ही कन्नडमध्ये का लिहीत नाही, आणि बेंद्र्यांना कुणी म्हटलं नाही की तुम्ही आमचे नव्हे. आपल्या भाषेबद्दल ज्या गावाचं मन निश्चिंत असतं, त्या गावाला पाहुण्याच्या भाषेची भीती वाटत नाही. म्हणून पाटीवरच्या कन्नडला मी विरोध करत नाही. ती निश्चिंती टिकली तरच घरात मोठ्यानं मराठी बोलण्याची माझी मोकळीकही टिकेल.

उलट दिशेनं गेलेली माणसंही याच मातीतली. कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गेले, तिचे ताल आणि तिची शिस्त अंगी बाणवली, आणि सवाई गंधर्व म्हणून घराघरांत पोचले. त्यांच्याकडे गाणं शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जात. गदगकडचे भीमसेन जोशी पुण्यात राहिले, आणि त्यांच्या तोंडून अभंग ऐकताना वारकऱ्यालाही हा माणूस परमुलखातला वाटला नाही. पुण्यानं त्यांना कन्नड विसरायला सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही मराठी उच्चारांत कसूर केली नव्हती. देणं-घेणं असं दोन्ही बाजूंनी चोख होतं.

आता आपली मुलं दूरदेशी जातात. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. सिंगापुरात १९९२ पासून च्युइंगगमच्या विक्रीवर बंदी आहे. या नियमांबद्दल मराठी घरांत किती कौतुकानं बोललं जातं! मुलगा जर्मन शिकला, परीक्षा दिली, याचा आईबापांना अभिमान असतो आणि तो असावाच. पण तेच आईबाप हुबळीत बदली झालेल्या भाच्याला सांगतात, कन्नड कशाला शिकतोस, हिंदीत भागेल. नियमाचा मान पगाराच्या चलनावर ठरू लागला की समजावं, आपण नियमाला नव्हे, श्रीमंतीला नमस्कार करतो आहोत. म्युनिकच्या शेजाऱ्याची रविवारची शांतता जितकी जपावी, तितकीच हुबळीच्या भाजीवालीची भाषाही जपावी.

भागणं आणि राहणं यांत मोठं अंतर आहे. हिंदीत भागतं हे खरं. दूध मिळतं, रिक्षा मिळते, घरही मिळतं. पण म्हाताऱ्या शेजारणीच्या गुडघ्याचं दुखणं, तिच्या लेकीच्या सासरची काळजी, पावसानं दगा दिल्यावर तिच्या भावाच्या शेतातल्या मिरचीचं काय झालं, हे हिंदीत कळत नाही. ती ते कन्नडमध्येच सांगते, आणि ऐकणाऱ्याला थोडं कन्नड येत असेल तरच सांगते. ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावचं सुखदुःख कानावर यायला हवं, आणि त्यासाठी भाषेचा अभ्यास करावा लागतो. तो मी वहीपेन्सिल घेऊन केला, अजूनही करतो आहे.

महाराष्ट्रात येणाऱ्या परप्रांतीयाकडून आपण जे मागतो ते योग्यच आहे. त्यानं मराठी शिकावी, इथल्या रीतीभाती जाणून घ्याव्यात. ते मागण्याचा हक्क आपल्याला टिकवायचा असेल तर परगावी गेल्यावर आपण स्वतः तसं वागून दाखवलं पाहिजे. हुबळीत, सुरतेत, इंदुरात, म्युनिकमध्ये, जिथे मराठी माणूस राहील तिथे त्या गावानं म्हणावं की हे लोक आले, आमची भाषा शिकले, आमच्या रीतीनं वागले आणि आपली मराठीही त्यांनी सोडली नाही. मराठीची कीर्ती परमुलखात याहून चांगल्या रीतीनं वाढवता येईल असं मला वाटत नाही.