शिकविणारा सोबती

बक्षीस समारंभाला गेलो की मला नेहमी एक प्रश्न पडतो. जो पहिला आला त्याचे कौतुक होते, जो वेगाने धावला त्याचे होते, जो गोड गायला त्याचेही होते. पण मागे राहिलेल्या सोबत्याचा हात धरून ज्याने त्याला पुढे आणले, त्याचे नाव कोणत्या यादीत असते?

मी बीड जिल्ह्यातील नांदूरघाटचा. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीसाठी कारखान्यांच्या मुलखात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यामुळे जाणे चुकत नाही. मी पाचवीत असताना आईवडिलांबरोबर गेलो आणि पाडव्याच्या तोंडावर परतलो. वर्गात येऊन बसतो तो फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज! परीक्षा जवळ आली होती. एकट्या माझ्यासाठी गुरुजी मागे कसे येणार? आता शाळा सोडावी, असे मी मनाशी ठरवून टाकले.

मधल्या सुटीत शेजारच्या मुलाने आपली भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि तिचे चार सारखे तुकडे केले.

"हा पाव आन् हा पाव मिळून अर्धी. आता अर्धी आन् पाव किती?"

"पाऊण!" मी म्हणालो.

"मग येतंय की रं तुला!"

खरोखरच मला ते येत होते. घरात रोज कानांवर पडणारे पाव, अर्धा आणि पाऊण हेच फळ्यावर निराळा वेष घेऊन उभे होते. माझा हा सोबती काही हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हता. महिन्यापूर्वी तोही याच गणितापाशी अडला होता. म्हणूनच, पाय कोठे अडखळतो हे त्याला नेमके ठाऊक होते. परीक्षेपर्यंत शाळेपुढच्या लिंबाखाली आमचा असा वर्ग रोज भरे. मी उत्तीर्ण झालो आणि शाळा सुटली नाही. बक्षिसांच्या दिवशी मात्र त्याचे नाव कोणी पुकारले नाही. तो इतरांसाठी टाळ्या वाजवीत बसला होता.

पुढे माझ्या वाचनात आले की, ही रीत फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत जाणती मुले लहानांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. 1789 साली अँड्र्यू बेल यांनी मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार हाती घेतला. एका देशी शाळेत वाळूत अक्षरे काढणारी मुले त्यांनी पाहिली. आपल्या शाळेतील शिक्षकांना ही नवी पद्धत रुचेना, तेव्हा बेल यांनी फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडेच अक्षरओळखीचा वर्ग सोपविला. त्याला ते काम उत्तम साधले. 1797 साली बेल यांनी या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये छापली आणि इंग्लंडमधील अनेक शाळांनी 'मद्रास पद्धत' उचलली. त्या चिमुकल्या शिक्षकाचे नाव बेल यांनी जपून ठेवले, याचा मला फार आनंद वाटला.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या समारंभात, सोबत्यांना शिकविणाऱ्या विद्यार्थ्यांचा गौरव झालेला मी पाहिला. त्यांची निवड गुणपत्रिका पाहून झाली नव्हती. ज्यांना त्यांनी शिकविले, त्यांना विचारून झाली होती. मला ते फार योग्य वाटले. शिकविणाऱ्याचे यश त्याच्या स्वतःच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. ते दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत दिसते. म्हणून त्याची साक्ष शिकणाऱ्यानेच द्यावयाची असते. आणि माझी साक्ष तर इतकी वर्षे तशीच राहून गेली होती!

त्या सुटीत मी गावी गेलो. सोबती शेतात बांधावर बसून भाकरी खात होता. मी सारे सांगितले आणि म्हणालो, "तू नसतास तर माझी शाळा सुटली असती."

तो हसला. "आरं, तुला शिकवता शिकवता मलाच ते गणित पक्कं कळलं व्हतं," असे म्हणून त्याने भाकरीचा अर्धा भाग माझ्या हातावर ठेवला.