पाटाच्या पाण्याचे माहेर: रतनवाडी ते निळवंडे

श्रीरामपूर, राहुरी, राहाता भागातल्या माणसाला प्रवरा नदी ओळखीची असते ती पाटाच्या रूपात. आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी किती दिवस राहणार, टेलला पोचणार की नाही, ही आमच्याकडची रोजची बोली. शहरात नळाला येणारे पाणीसुद्धा याच कालव्यातून तलावात भरून घेतलेले. माझे आजोबा साखर कारखान्यात फिटर होते, म्हणजे घरची रोजीही याच पाण्यावर वाढलेल्या उसाची. तरी हे पाणी जिथून निघते तो मुलूख आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. उर्दू शाळेत ‘आबशार’ हा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून समजावते. पण समोरच्या पन्नास मुलांपैकी धबधबा पाहिलेली दोन-तीनच निघतात.

सप्टेंबरअखेर जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा आम्ही चौघे निघालो: मी, लेकीचे अब्बू, नववीत शिकणारी लेक आणि माझे भाईजान. गाडीतून काचेआडून बघायचे नाही, नदीबरोबर जमेल तितके पायी उतरायचे, एवढेच ठरवले होते.

प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे २०० किलोमीटर वाहून नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिळते. आम्ही चाललो तो तिचा अगदी वरचा, अकोले तालुक्यातला भाग. वाटेवर पाट्या, बाणांच्या खुणा असले काही नाही. गावरस्ता, भातखाचरांचे बांध आणि गुरांच्या पायवाटा. विचारत जावे लागते आणि लोक सांगतातही आपुलकीने.

पहिला मुक्काम रतनवाडीला, एका घरी. फजरनंतर बाहेर आलो तर रतनगड धुक्यात होता आणि खाचरांच्या बांधांवर सोनकीची पिवळी फुले. गावात अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. त्यावरचे कोरीवकाम बाहेरूनच निवांत पाहत बसावे असे आहे, आणि शेजारची पायऱ्यांची पुष्करणी त्याहून मला आवडली. डोंगराचे पाणी कसे जपून साठवायचे हे त्या कारागिरांना नेमके ठाऊक होते.

कारण या मुलखाची गंमत, खरे तर व्यथा, पाण्याचीच आहे. रतनवाडीच्या शेजारचे घाटघर ही जिल्ह्याची चेरापुंजी. तिथे जेवढा पाऊस पडतो त्याच्या दहाव्या हिश्शाइतका तिकडे संगमनेरला पडतो. ढग सह्याद्रीच्या कड्यावर रिकामे होतात आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यांत काही उरत नाही. पण इथे जमीन उताराची, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, धावत सुटते. आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी पितळी तांब्यातून पाणी दिले. “काय हिरवेगार आहे!” असे मी म्हटले तर त्या म्हणाल्या, “आता काय, आता समदीकडं पाणी. मे महिन्यात या बाई, मंग बघा.” उन्हाळ्यात धरणाचे पाणी गावापासून खूप खाली सरकते, झरे आटतात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. समोर जलाशय, आणि पिण्यासाठी पायपीट. त्या तांब्यातले पाणी मी शेवटपर्यंत पिऊन टाकले, थोडेसुद्धा फेकवले नाही.

रतनवाडीहून जलाशयाच्या कडेने कोलटेंभे, मुतखेल अशी गावे घेत शेंडीपर्यंत रस्ता येतो. अंतर अठरा-वीस किलोमीटर, दिवसभराची चाल. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे डोंगर, आणि डोंगरावरून इतके ओहोळ कोसळत होते की लेकीने पहिल्या तासात मोजणे सोडून दिले. “अम्मी, एवढे आबशार तुमच्या पुस्तकात पण नाहीत,” असे तिने ऐकवले. रस्ता ओलांडून वाहणाऱ्या पाण्यात पाय घालत चालायची मजा मोठी, पण शेवाळ असते, काठी हवीच. बुरखा घालून एवढे चालता येते का, असे परतल्यावर तीन मैत्रिणींनी मला विचारले. येते. घेर कमी असावा, घोट्याच्या वर असावा आणि पायांत पक्के बूट असावेत.

जोहरसाठी एका सपाट खडकावर थांबलो. घरापासून शंभर किलोमीटरच्या पुढे आलेलो, त्यामुळे कसर. वुजू करताना भाईजानने लेकीला हटकले, “धार बारीक कर.” ती हसून म्हणाली, “मामू, समोर अख्खे धरण भरलेय!” मग त्यांनी तिला हजरत सअद (रजि.) यांची हदीस सांगितली: वाहत्या नदीवर बसून वुजू केला तरी पाणी उधळायचे नाही. घरी बेसिनसमोर ही हदीस आपण मुलांना कितीदा ऐकवतो, पण तिचा अर्थ तिथे, त्या पाण्याच्या काठावर, काही निराळाच लागला.

मला मात्र दुसरी एक रिवायत आठवत राहिली. सहीह बुखारीत हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी शेजारी यांचा पाटाच्या पाण्यावरून झालेला वाद आलेला आहे. जुबैर (रजि.) यांचे शेत वरच्या बाजूला, अन्सारींचे खाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा निवाडा असा होता की वरच्याने आपले शेत भिजवावे आणि मग पाणी शेजाऱ्याकडे जाऊ द्यावे. वरच्याचा हक्क आधी, पण अडवून ठेवण्याचा नाही. त्याची मर्यादा घोट्याइतके पाणी चढेपर्यंत सांगितली जाते. आमच्याकडे पाटाच्या डोक्याशी असलेला आणि टेलचा शेतकरी यांच्यात नेमका हाच तंटा चालतो. रतनवाडीच्या वाटेवर दिसले ते उलटेच: सगळ्यात वर राहणाऱ्याच्या वाट्याला पाणी सगळ्यात शेवटी येते. त्याच्या शेतावर जलाशय उभा आहे आणि त्यातले पाणी ऐंशी किलोमीटर खालच्या उसासाठी राखलेले आहे.

दुसऱ्या दिवशी धरण पाहिले. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० ला सुरू झाले आणि १९२६ ला पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम. उंची २७० फूट, पाणी अकरा टीएमसी, आणि सगळे दगडी बांधकाम. १९६९ मध्ये भिंतीला भेगा पडून गळती लागली होती. नंतर पाठीमागून भक्कम टेकू देऊन ती मजबूत केली. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहत संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून डावा-उजवा कालवा निघतो. त्या पाण्याने दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा केला. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला तोही याच भरवशावर. आजोबांच्या पगाराचा उगम मी त्या दिवशी पाहिला म्हणायचा.

धरणाच्या पायथ्याशी प्रसिद्ध अंब्रेला फॉल आहे. मोरीतून सुटलेले पाणी फुगीर खडकावर पडते आणि चहूबाजूंनी छत्रीसारखे ओघळते. सुब्हानअल्लाह म्हणावे असेच दृश्य. पण मोरी बंद केली की छत्रीही मिटते. हे कळल्यावर लेक म्हणाली, “म्हणजे हा मोठा नळच झाला की!”

शेंडीपासून नदीच्या सोबतीने दहाएक किलोमीटर चाललो की रंधा. हा धबधबा माणसाने केलेला नाही. सरळ चाललेली नदी एकदम कातळाच्या घळीत झेप घेते. बोलणे ऐकू येत नाही, तुषारांनी चष्मा भिजतो. धरण भरून सांडते तेव्हा त्याचे खरे रूप दिसते, एरवी तोही वरून किती सुटेल त्यावर अवलंबून. लोखंडी कठड्याबाहेर जाऊन फोटो काढणारी पोरे पाहून माझ्यातली बाई जागी झालीच आणि मी अनोळखी पोरांना शाळेच्या आवाजात दटावले. निमूट आत आली. इथे जीव गेलेले आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांचा हात सोडू नये.

रंध्याच्या खाली नदी निळवंडे धरणाच्या फुगवट्यात शिरते आणि काठाने सलग वाट उरत नाही. आम्ही जीपने राजूरला आलो, तिथले पेढे घेतले (ते घ्यावेतच) आणि पुढे निळवंड्याला गेलो. या धरणाची कल्पना १९७० ची. सुमारे आठ कोटींचा अंदाज होता, तो पाच हजार कोटींच्या पुढे गेला. डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले ते ३१ मे २०२३ ला. मधल्या त्रेपन्न वर्षांत सहा अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) आणि एक नाशिकचा अशा सात तालुक्यांतली १८२ गावे वाट पाहत होती, आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते पुनर्वसनासाठी भांडत होते. तिकडे खाली जायकवाडीवर जगणारा मराठवाडा. वरच्या धरणांतून त्यांना किती पाणी सोडायचे यावर २००५ च्या कायद्यानंतरही दुष्काळ पडला की वाद पेटतो. आमच्या गावात या वादात सगळे एकाच बाजूचे असतात. मीही होते. पण मे महिन्यात आजींच्या हंड्यात काय असते हा मुद्दा त्या भांडणात मी कधी ऐकलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे: ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर सर्वांत चांगला. काजवे पाहायचे तर मेअखेर ते पावसाची सुरुवात. घरगुती मुक्कामात आधी सांगितले तर तांदळाची भाकरी, पिठले, वरणभात मिळतो. सोबत खजूर आणि उकडलेली अंडी ठेवावीत. शनिवार-रविवारची गर्दी टाळावी आणि प्लास्टिक परत आणावे.

निळवंड्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाले साठीचे असतील. वडिलांची भातजमीन धरणात गेली, म्हणाले. कुठून आलात असे त्यांनी विचारले आणि श्रीरामपूर ऐकल्यावर हसले, “म्हणजे आमचं पाणी पिणारे तुम्हीच.” लेकीने माझ्याकडे पाहिले. भाईजान पैसे देऊ लागले तर ते घेईनात, पाहुण्यांकडून कसे घ्यायचे म्हणाले. बरीच ओढाताण झाली. शेवटी भाईजानने राजूरच्या पेढ्यांचा एक पुडा त्यांच्या नातवाच्या हातात ठेवला आणि आम्ही अकोल्याची एसटी पकडली.