रोह्याचे चिंतामणराव

पेण व रोहें हीं आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील दोन गांवें. पेणचें नांव गणपतीच्या मूर्तींमुळें घरोघर पोंचलें आहे. रोहें मात्र पुष्कळांस कोंकण रेल्वेचें आरंभस्थान एवढ्यापुरतेंच ठाऊक असतें. परंतु कुंडलिकेच्या कांठच्या या गांवांत ज्यांचें बालपण गेलें, त्या चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचें स्मरण आज वाचकांस करून द्यावें असें आम्हांस वाटतें.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाडजवळच्या नाते गांवीं झाला. त्याच्या चारच महिने आधीं पेण तालुक्यांतील गागोदें येथें विनोबांचा जन्म झाला होता. एकानें भूदानासाठीं देश पायीं पालथा घातला. दुसऱ्यानें देशाचा खजिना सांभाळला. संस्कृत विद्येची गोडी मात्र दोघांसहि सारखीच.

१९१२ सालीं चिंतामणराव मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीहि त्यांनींच मिळविली. पुढें केंब्रिज, मग आय. सी. एस., १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आणि १९५० मध्यें अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकींत त्यांना लोकसभेंत पाठविलें तें कुलाब्यानेंच.

इतकें कोणत्याहि चरित्रांत सांपडेल. आमचें मन अडतें तें १९५६ सालापाशीं. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचें ठरत होतें. रस्त्यांवर गोळीबार होऊन माणसें मेलीं होतीं. चिंतामणरावांनीं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. जुलैंत लोकसभेपुढें उभे राहून त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, हा निर्णय मंत्रिमंडळाचा रीतसर विचार न घेतां जाहीर झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीहि झाली नाहीं. समोर पंतप्रधान नेहरू होते. जन्मभर शिस्तींत वागलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडचे हे शब्द होते, म्हणूनच त्यांना वजन आलें.

ही हकीकत आम्ही एकदां दिवेलागणीनंतर घरांतील मुलांना सांगत होतों. धाकटी नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही कधीं असं केलंत का?”

आम्हांस उत्तर देववेना. निवृत्तीस दोन वर्षें उरलीं असतां, आम्ही ज्या संस्थेंत होतों तेथें एका गरीब मुलाची हक्काची फीमाफी वजनदार गृहस्थाच्या पुतण्यास दिली गेली. कागद आमच्या हातांखालून गेला. नीतिशतक तोंडपाठ असूनहि पेन्शनीचा विचार करून आम्ही सही केली. तो मुलगा पुढल्या वर्षीं शाळेंत दिसला नाहीं. हें आम्हीं नातीस सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. सूनबाईंनीं ताटें मांडलीं म्हणून सर्वजण उठलों.

राजीनाम्यानंतर चिंतामणराव रिकामे बसले नाहींत. विद्यापीठ अनुदान मंडळाचें अध्यक्षपद, १९६२ पासून दिल्ली विद्यापीठाचें कुलगुरुपद, गांधीजींच्या वचनांचीं संस्कृत पद्यें, हें सारें त्यानंतरचें. एका राजीनाम्यानें मुंबई महाराष्ट्रास मिळाली असें नव्हे. त्यासाठीं शंभरांवर सामान्य माणसांनीं प्राण वेंचले, व १ मे १९६० चा दिवस उजाडला. परंतु दिल्लींत पदावर बसलेलाहि कोणी आपल्या दुःखाचा वांटेकरी आहे, हें त्या माणसांस त्या दिवशीं कळलें.

घरांतील मुलें परीक्षेंत पहिलीं यावींत, मोठ्या जागीं चढावींत, असें आपणां सर्वांसच वाटतें. आम्ही तर तीस-पस्तीस वर्षें हाच उपदेश केला. ती जागा केव्हां सोडावी, हें मात्र आम्हीं कोणास शिकविलें नाहीं. आतां रोह्यास गेलों कीं नातीस बरोबर नेतों, आणि कुंडलिकेच्या पुलावर क्षणभर थांबून हीच गोष्ट, आमच्या सहीसकट, पुन्हां सांगतों.