घराणे बदलताना

गवयांसारखीच कॅमेऱ्यांचीही घराणी असतात. निकॉनचे भिंग घड्याळाच्या उलट फिरवून बसते, सोनीचे घड्याळाप्रमाणे. हाताला एकदा लागलेले वळण सहजी सुटत नाही. तरी साठीत मी घराणे बदलायला निघालो, त्याला कारण माझा खांदा. माझा निकॉन डी-७५० बॅटरीसकट ८४० ग्रॅम भरतो, वर भिंगाचे ओझे निराळे. तो गळ्यात घालून हंपीचा मातंग डोंगर चढायचा, म्हणजे देवदर्शनाऐवजी वैद्यदर्शनच!

दुकानदाराने सोनीचा ए-७ सी-२ हातात दिला. ५१४ ग्रॅम! खांदा मनातल्या मनात हसला. पण नुसता कॅमेरा घेऊन कोण प्रवासाला जातो? म्हणून मी भिंगासकट वजन विचारले. ४० मिलिमीटरचे छोटे भिंग १७३ ग्रॅमचे. दोन्ही मिळून ६८७.

खरा जीव मात्र अडकला होता वडिलांच्या ५० मिलिमीटरच्या जुन्या निकॉन भिंगात. ते माझ्या मुंजीपासून घरात आहे. त्याला पडद्यापासून ४६.५ मिलिमीटर अंतर लागते. मध्ये आरसा हलायचा ना! सोनीत आरसाच नाही, म्हणून १८ पुरतात. उरलेले २८.५ एक साधे पोकळ कडे भरून काढते. नाभी हातानेच जुळवावी लागते, पण ती वडीलही हातानेच जुळवीत.

बाकीची भिंगे विकायला काढली आहेत. तेवढे एक सोडून.