रात्री अकराला लेथ चालू असायचा

इचलकरंजीच्या शिवारात ऊस पिकतो, कापूस नाही. बंदर तर सोडाच, गावाला रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, उतरायचं हातकणंगल्याला. तरी कापड इथंच का? 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि विणकामात हात बसलेले कोष्टी होतेच. सुरुवात झाली ती अशी. पण धंदा टिकला तो गल्लीमुळं, असं माझं मत.

आमच्या लहानपणी हाकेच्या अंतरावर सगळं असायचं. सायझिंगमधून खळीचा वास यायचा, घराघरांत बायका कांड्या भरायच्या. रात्री अकराला मागाच्या चक्राचा दात उडाला, की माग दुरुस्त करणारा जॉबर ते चक्र चिंधीत गुंडाळून लेथवाल्याकडं पळायचा. पाळी संपायच्या आत माग पुन्हा चालू. नवी क्वालिटी लावायची असली, की वहिफणीवाले दोघं समोरासमोर बसायचे. एकानं धागा पुढं करायचा, दुसऱ्यानं आकड्यानं तो वहीतून, फणीतून ओढून घ्यायचा. हजारो धागे. एक जरी चुकला तरी कापडात शेवटपर्यंत रेघ.

टपरीवर वाद चालायचा तो 52 पिकाच्या, म्हणजे इंचाला 52 आडव्या धाग्यांच्या, कापडाला मीटरमागं मजुरी किती याचा. पोरं हा हिशेब ऐकून ऐकूनच शिकायची. कापडाचं शिक्षण देणारी दत्ताजीराव कदमांच्या नावाची संस्था 1982 ची. तोवर शाळा म्हणजे गल्लीच.

आता बरेच साधे माग भंगारात किलोवर गेले. एअरजेट, रॅपियर माग आले. त्यांत धोटाच नाही तर कांडी कुठली? यंत्रातलं कार्ड गेलं, की बाहेरगावच्या इंजिनिअरची वाट बघत बसायचं. सुताचा भाव व्हॉट्सअॅपवर कळतो, त्यामुळं पेढीवरच्या गप्पाही आटल्या.

जुनं सगळं गोड होतं असं मात्र नाही. बारा तासांची पाळी, नाकातोंडात कापसाची धूळ, मजुरीच्या पैशासाठी खर्चीवाल्यानं, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणाऱ्यानं, व्यापाऱ्याकडं घातलेले हेलपाटे. ते मला परत नकोत.

वीज महाग, जागा महाग म्हणत म्हणत नवं रॅपियर टाकणारा अजून इथंच शेड शोधतो. सूत इथं, गिऱ्हाईक इथं, वहिफणीवालाही इथंच. फक्त त्याला आता फोन करावा लागतो, आणि तो म्हणतो, "परवा बघू, शेठ."