शेगाव, विदाउट रांग!

शेगावला गुरुवारी जायचं नाही. रविवारी तर मुळीच नाही. आणि प्रकटदिन, रामनवमी किंवा ऋषिपंचमीला अख्खी फॅमिली घेऊन जायचा प्लॅन असेल तर बॉस, आधी सगळ्यांचे गुडघे चेक करून घ्या!

रांग टाळायचं शास्त्र आता जगभर पसरलंय. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला. राइडपाशी जायचं, स्लिप घ्यायची, तिच्यावरच्या वेळेपर्यंत दुसरीकडे टाइमपास करायचा आणि मग परत यायचं. तेव्हा ते फुकट होतं. २०२१ मध्ये फास्टपास बंद झाला आणि रांग टाळायचे वेगळे पैसे पडायला लागले. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावात माझी स्लिप म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस तुम्हाला पहाटेच्या अंधारात शेगावला उतरवते. झोपमोड होते, मान्य. पण स्टेशनवरून संस्थानच्या बसने मंदिराशी पोचलात की तुम्ही दिवसाच्या गर्दीच्या कित्येक तास पुढे असता. खोलीसाठीही रांग असतेच. तिथे एकानेच उभं राहायचं, बाकीच्यांनी सामानाजवळ बसायचं. अख्ख्या खानदानाने रांगेत घोळका करायची काही गरज नसते.

हे सगळं मी शिकले ते एका झुकझुकगाडीमुळे.

आम्ही तेव्हा भुसावळला राहायचो. आमच्या पिढीतल्या विदर्भ-खानदेशातल्या पोरांचं डिस्नेलँड म्हणजे आनंद सागर. गजानन महाराज संस्थानने खारपाणपट्ट्यातल्या त्या रखरखीत गावात दोनशेहून जास्त एकरांवर हिरवळ, तलाव, मधल्या बेटावर ध्यानकेंद्र आणि सगळ्या बागेला फेरी मारणारी छोटी गाडी असं सगळं उभं केलं होतं. मी नऊ वर्षांची होते. सकाळी देवळात, दुपारी महाप्रसाद आणि मग आनंद सागर, असं ठरलं होतं. पण आजीला समाधीचंच दर्शन हवं होतं. बारी काही हलेना. दुपार झाली तशी मी भोकाड पसरलं. शेवटी बाबा मला घेऊन रांगेतून बाहेर पडले. ऑटोने आनंद सागर गाठलं, तर गाडीची रांग देवळातल्यापेक्षा लांब! आमचा नंबर येईपर्यंत शेवटची फेरी सुटली होती. येताना बाबांनी कचोरी घेऊन दिली, पण मी फुरंगटूनच बसले होते.

तर या वेळी ताई, जिजाजी, त्यांची सहा वर्षांची पिल्लू आणि आई-बाबा अशी वरात घेऊन मी निघाले ती चक्क एक्सेल शीट करून. साधा मंगळवार निवडला. (बॉसला ‘फॅमिली फंक्शन’ सांगितलं.) आनंद सागर मध्ये काही वर्षं बंद होतं, त्यामुळे तिथे सध्या काय सुरू आहे, काय नाही, हे निघण्याआधी संस्थानकडे विचारून घ्या. लहानपणीची गाडी डोक्यात ठेवून पोरांना प्रॉमिस करू नका. आणि देवळात मुखदर्शन. समाधीच्या बारीपेक्षा ही रांग कितीतरी भराभर सरकते. बाबांच्या गुडघ्याचं गेल्या वर्षीच ऑपरेशन झालंय, त्यामुळे यावर चर्चाच नव्हती.

‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी समाधीच्या बारीत लागतो.’’

‘‘बाबा, अहो दोन तास उभं राहावं लागेल!’’

‘‘बसायला जागा असते मध्ये मध्ये.’’

शीट गेली खड्ड्यात. मी वैतागून आईकडे बघितलं. ती शांतपणे चपला काढत होती. मग म्हणाली, ‘‘जाऊ दे त्यांना. आजीचं ते शेवटचं शेगाव होतं ना. तिच्या मागे चारपाच माणसं उरली होती, तेव्हा ते तुला घेऊन बाहेर आले.’’

मला हे माहीतच नव्हतं. माझ्या आठवणीत ती सहल म्हणजे चुकलेली गाडी, बास.

मी काही बोलले नाही. बाबा लंगडत बारीकडे गेले. पांढऱ्या कपड्यातल्या सेवेकऱ्याने हात जोडून ‘‘माउली, सावकाश’’ म्हटलं. इथले सेवेकरी कोणालाही माउलीच म्हणतात, तुम्ही कलेक्टर असा नाहीतर कचोरीवाले. पाळीपाळीने गावोगावहून येऊन बिनपगारी राबणारी ही माणसं बघितली की आपल्या ऑफिसातल्या टीमवर्कच्या वर्कशॉप्सचं हसू येतं.

आम्ही मुखदर्शन उरकून बाहेर आलो तर हातात वेळच वेळ. पिल्लूला घेऊन मी कचोरीच्या मोहिमेवर निघाले. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने इथल्या स्टेशनवर सुरू केलेली ही मूगडाळीची कचोरी. सोबत तळलेली मिरची, चटणी-बिटणी काही नाही. ती गरमच खायची असते. दोन बाबांसाठी बांधून घेतल्या.

बाबा बाहेर आले तेव्हा ऊन चढलं होतं. गुडघा सुजला होता, पण चेहरा एकदम फ्रेश!

‘‘आबा, तुम्हाला कंटाळा नाही आला?’’ पिल्लूने विचारलं.

‘‘छे! माझ्या पुढे अकोटच्या एक आजी होत्या. तीन सुना, सात नातवंडं. थोरल्याचं लग्न जमत नाहीये...’’ त्या घराण्याचा अख्खा इतिहास सांगत बाबांनी पुडी सोडली आणि गार झालेल्या दोन्ही कचोऱ्या संपवल्या.