रोटेगाव ते चर्चगेट: जॅझच्या वाटेवर

वैजापूरहून मुंबईची गाडी धरायची ती रोटेगावला. शहराबाहेरचे हे स्टेशन निजामाच्या मुलखातल्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेवरचे. १९०० साली हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि पुढे कित्येक दशके मराठवाड्याचा प्रवासी मनमाडला सामानसुमानासह उतरून ब्रॉडगेजच्या गाडीत चढत राहिला. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी. नदीपलीकडचे पुणतांबे लोकांना ठाऊक आहे ते चांगदेवांच्या समाधीमुळे. पण १२ जानेवारी १९१८ रोजी तिथेच रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, जन्मले. मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ मराठी घरांत पोचला, त्यात या माणसाचा वाटा मोठा.

हा जॅझ मुंबईत रुजला ताजमहाल हॉटेलात. हॉटेल १९०३चे, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा वाद्यवृंद घेऊन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी तिथे आले. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. समोर गोरे साहेब, संस्थानिक, धनिक पारशी. वाजवणाऱ्यांत मात्र लवकरच गोव्याची मुले दिसू लागली. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवलेले असे. पुढ्यात कागद आला की ती वाजवू लागत.

स्वातंत्र्यानंतर ही मैफल चर्चगेटच्या रस्त्यावर, आजच्या वीर नरिमन रोडवर, पसरली. गेलॉर्ड, ॲम्बॅसेडर, रिट्झ, ॲस्टोरिया अशी ठिकाणे हाकेच्या अंतरावर. टेबलांवर जेवण, मधे नाचायला जागा आणि एका कडेला बँड. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग एकेक वादक तिच्याच स्वरसंगतीवर मनाने रचत जातो, आणि शेवटी सगळे धुनेवर परततात. ख्यालात मुखडा घेऊन समेवर येणाऱ्या गवयाला दाद देणाऱ्यांना हे परके वाटू नये. फरक दाद देण्याच्या वेळेचा: इथे प्रत्येकाची पाळी संपली की टाळ्या पडतात, गाणे चालूच असते. ट्रम्पेटवाला कर्ण्याच्या तोंडाशी रबरी वाटी धरून ती उघडझाप करतो, तेव्हा वाद्य अक्षरशः कुरकुरते.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. एप्रिल १९५०पासून बंदी संपूर्ण झाली. (हमरस्त्यावरच्या हॉटेलांवर आजही झळकणारी ‘परमिट रूम’ची पाटी याच कायद्याची देणगी.) हॉटेलांची रात्रीची कमाई रोडावली आणि वादकांना सिनेमाच्या स्टुडिओंचा आधार अधिकच लागू लागला. तिथे त्यांची गाठ पडली ती चाली डोक्यात असलेल्या, पण चालीभोवतीचा वाद्यमेळ कागदावर उतरवणारा माणूस हवा असलेल्या संगीतकारांशी. दोघांचीही गरज भागली.

सी. रामचंद्र पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांना साथ मिळाली ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे, दैवत अमेरिकेचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. सी. रामचंद्रांचेच संगीत असलेल्या, १९५१च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक बँडसह पडद्यावरही दिसतात. ज्यांनी जन्मात मोठ्या हॉटेलाची पायरी चढली नाही, त्यांचे पाय त्या ठेक्यावर हलले. इतका मोठा श्रोतृवर्ग ताजला कधीच मिळाला नसता.

मुंबईच्या श्रोत्यांना अस्सल जॅझही ऐकायला मिळत राहिला. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग येऊन गेले. १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. हॉटेलांतले मोठे बँड मात्र मागे पडत गेले. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातला ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये तिथून उठला.

गेलॉर्ड आजही जागेवर आहे. तिथून नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे प्रयोगकलांचे केंद्र पायी गाठता येते. जॅझच्या मैफली तिथे अधूनमधून होतात. वैजापूरकराची खरी अडचण वेळापत्रकाची. मराठवाड्याची देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून सुटते रात्री, आणि मैफल रंगायची वेळही तीच. त्यामुळे मुंबईतला मुक्काम धरूनच निघावे.